लिंबाचं पिवळं, पपनसाचं पिवळं

"वैनी, माझं झाड मारतेस तू," असं मी माझ्या मोठ्या जावेला तोंडावर म्हणाले. तेव्हा तिच्या हातात मासळीचा रिकामा खोका होता, आणि त्यातलं बर्फाचं खारट पाणी माझ्या लिंबाच्या आळ्यात अजून पुरतं जिरलंही नव्हतं. दारात तिची एक गिऱ्हाईक बाई उभी होती. पलीकडच्या सोसायटीतून ती दर रविवारी कोळंबी न्यायला यायची. तिच्यासमोर मी हे बोलले. एकदा बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "महिनाभर बघतेय मी. मुद्दाम करतेस."

आमच्यात मोठ्या जावेलाही अगं-तुगंच करतात, त्यामुळे 'तू' म्हटल्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न 'मुद्दाम'चा होता.

वहिनीने खोका खाली ठेवला, ओले हात पदराला पुसले. "दीड हात जागा घेतलीस, तवा मी बोलले नाय," ती म्हणाली. "आता ह्ये ऐकायचं का मी?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर मी आणि ती कोळंबी न्यायला आलेली बाई. बाई थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली आणि निघून गेली.

सारसोळ्यात आमची दोन घरं एका भिंतीला लागून आहेत, दोन भावांची. मागे परस मात्र एकच, पंधरा पावलांत संपणारा. त्यात दोन झाडं होती. आमच्या बाजूला कागदी लिंबू, मी नोकरीला लागले त्या वर्षी लावलेलं. वहिनीच्या बाजूला पपनस, तिने लग्नानंतर उरणच्या माहेराहून रोप आणून वाढवलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, वहिनी मासळी विकते. माझी लिंबं तिच्या पाटीत जायची, ती गिऱ्हाइकाला मासळीबरोबर एकदोन देऊन टाकायची. तिच्या खोक्यातले निवडून ठेवलेले बोंबील माझ्या स्वयंपाकघरात यायचे. कोणी काही मोजत नव्हतं.

मग आम्ही मागचं न्हाणीघर पाडून नवं बांधलं. मिस्त्री म्हणाला, पाइपासाठी भिंत दीड हात पुढे घ्यावी लागेल. नवऱ्याने 'घे' म्हटलं, मीही 'घे' म्हटलं. वहिनीला विचारलं नाही. ती भांडली नाही, पण त्यानंतर कधी अवचित पाऊस आला तर माझे वाळत घातलेले कपडे भिजत राहू लागले. आधी तिने धावत येऊन ते काढले असते.

दिवाळी झाली आणि लिंबाची पानं पिवळी पडायला लागली. आधी शेंड्याची कोवळी पालवी, मग त्याखालची. मी शेणखत घातलं, थोडा युरिया घातला. मुंग्या दिसल्या म्हणून बुंध्याला चुना फासला आणि बादलीत उरलेला चुना आळ्यातच ओतून टाकला. फोनवर चित्रं बघत बसले. प्रत्येक चित्र माझ्याच झाडाचं वाटायचं. पाणी जास्त झालं की पान पिवळं, कमी झालं तरी पिवळं, जस्त कमी पडलं तरी पिवळंच. वर्गात मी मुलांना सांगते की आधी निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा. घरी मी निष्कर्ष आधीच काढून ठेवला होता, आणि निरीक्षण म्हणून खिडकीतून वहिनीचा खोका बघत होते.

त्या रविवारनंतर तीन आठवडे आमच्यात एक शब्द नाही. ती पहाटे बाजाराला निघायची तेव्हा मी चहा टाकत असायचे. दोघींच्या खिडक्यांत दिवा लागलेला, पण ती वळून बघायची नाही. खोक्याचं पाणी ती आता घराबाहेरच्या गटारात ओतायची, आणि ओतताना मला दिसेल अशी उभी राहायची. तीन आठवडे खारं पाणी बंद, तरी लिंबू पिवळं होतच होतं. नवरा एकदा म्हणाला, "तिचं नसेल तर?" मी म्हटलं, "मुळात मुरलंय ते." तरी दुसऱ्या दिवशी शाळेत मी झाडांचं कळणारं कोणी आहे का, ते विचारलं.

शाळेतल्या एका बाईंचे सासरे जालन्याकडचे, मोसंबीच्या भागात कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले. मुलासोबत घणसोली गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, आणि तिथे झाड म्हणून बघायला काही नव्हतं. मी विचारलं तर दुसऱ्याच सकाळी आले. डोक्यावर टोपी, खिशात एक पेन, भिंग आणि छोटी कात्री. आम्ही त्यांना काकाच म्हणायला लागलो.

त्यांनी चहाला नको म्हटलं आणि थेट लिंबाखाली गेले. "बाई, पिवळं कुठून सुरू झालं? वरून का खालून?"

"वरून. कोवळी पानं आधी."

"खालची जुनी पानं?"

मी खाली बघितलं. जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी होती. इतक्या दिवसांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काकांनी शेंड्याचं एक पान तोडून उन्हात धरलं. पान पिवळं, पण शिरा हिरव्या, जाळीसारख्या स्पष्ट. त्यांनी पान मधल्या शिरेवर उभं दुमडलं आणि दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर ठेवले. "बगा. जितकं पिवळं इकडं, तितकंच तिकडं. अन्न कमी पडलं की दोन्ही अंगं सारखी सुकतात. हे लोह आहे. लोह मिळेना झाडाला."

"खारं पाणी घातल्यामुळे?" मी विचारलं. आवाज बेताचाच काढला, कारण वहिनीची खिडकी उघडी होती.

"खारं असतं तर कडा जळाल्या असत्या. टोकं करपली असती. इथं तसं कुठंय?" त्यांनी कुदळ मागितली. आळ्याच्या बाजूला वीतभर खणलं आणि माती मुठीत घेऊन माझ्यापुढे धरली. मातीत पांढरे खडे होते. प्लास्टरचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एका जुन्या टाइलची कपची. "हा राडारोडा कोणी भरला?"

मी भरला होता. मिस्त्री म्हणाला होता, ट्रक कशाला, मागे खड्ड्यात टाकतो, जमीन सपाट होईल. आणि मी म्हटलं होतं, टाक.

"वरून चुनाही ओतला की हो तुम्ही," काका बुंध्याकडे बघत म्हणाले. "माती चुनखडीची झाली. लोह असलं तरी मुळाला घेता येत नाही." ते रागावले नव्हते. मला मात्र वाटलं, हे बोलणं जरा हळू झालं असतं तर बरं होतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. रोग नव्हता, विष नव्हतं, उपाय होता. पण काका हात झटकत उठले आणि त्यांची नजर पलीकडे गेली, पपनसाकडे. ते चालत गेले. मी म्हटलं, "ते माझं नाही, जावेचं आहे." त्यांनी ऐकलं नाही. एक फांदी खाली ओढली, पान घेतलं, दुमडलं, परत उघडलं. मग दुसरं. मग भिंग काढून कोवळ्या डिरीवर, नव्या फुटव्यावर धरलं.

पपनसाचीही पानं पिवळट होती. मी ती बघितली होती, पण जुन्या झाडाची पानं पिकत असतील म्हणून सोडून दिली होती. काकांनी पान माझ्या हातात दिलं. एका अंगाला शिरेजवळ पिवळा डाग, दुसऱ्या अंगाला टोकाशी. कुठे हिरवं, कुठे पिवळं, काही मेळच नाही. दुमडलं तर दोन अर्धे भाग एकमेकांशी जुळत नव्हते.

"याला ग्रीनिंग म्हणतात," ते म्हणाले. "झाडाच्या आत शिरलेला जंतू. औषध नाही याला. मी मोसंबीच्या बागाच्या बागा तोडायला लावल्यात यापायी." मग स्वतःलाच सावरून म्हणाले, "डोळ्यानं शंभर टक्के सांगता येत नाही. प्रयोगशाळेत पानं पाठवू. पण खरं निघालं तर झाड मुळासकट काढावं लागंल. नाहीतर तुमचं लिंबूही जाईल. कीड उडत जाते इकडून तिकडं."

कीड त्यांनी मला दाखवली. तिळाएवढी, करडी, डोकं खाली आणि मागचा भाग वर उचलून बसलेली. मग ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले. तिथल्या कढीपत्त्याच्या कोवळ्या पाल्यावर ती दाटीने बसली होती. "कढीपत्ता हे हिचं आवडतं घर. इथं वाढते, मग लिंबावर, पपनसावर जाते."

कढीपत्ताही माझाच.

काका गेल्यावर मी परसात उभी राहिले. आता दोन गोष्टी करायच्या होत्या आणि दोन्हींची भीती वाटत होती. वहिनीची माफी मागायची, कारण माझं झाड मीच आजारी पाडलं होतं. आणि तिला सांगायचं की तुझं झाड कदाचित तोडावं लागेल, म्हणजे माझं वाचेल. या दोन वाक्यांत किती अंतर ठेवायचं ते मला कळत नव्हतं. तीन दिवस मी शाळेतून घरी येताना ती वाक्यं मनात जुळवत यायचे आणि तिची खिडकी दिसली की विसरायचे.

चौथ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी सरळ मासळीबाजारात गेले. वहिनी ओट्यावर बसून सुरमईचे काप करत होती, समोर दोन गिऱ्हाइकं. मी गिऱ्हाइकासमोर बोलले होते, म्हणून माफीही तिथेच मागायची असं ठरवलं होतं.

"वैनी, माझं चुकलं. झाड खाऱ्या पाण्याने नाही पिवळं झालं. माझ्या राडारोड्याने झालं. मी तुझ्यावर खोटा आळ घातला."

तिचा कोयता एक क्षण थांबला. शेजारच्या ओट्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "बरं," ती म्हणाली आणि पुढचा काप केला. "गिऱ्हाईक हाय. जा आता."

पपनसाचं मी तिथे बोलू शकले नाही. संध्याकाळी तिच्या दारात गेले. ती चुलीजवळ तांदूळ निवडत होती, माझे दीर बाहेर खाटेवर. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पान, कीड, प्रयोगशाळा, तोडावं लागण्याची शक्यता. कढीपत्त्याचंही सांगितलं. सांगताना मला माझाच आवाज वर्गातल्यासारखा वाटत होता आणि तो बदलता येत नव्हता.

वहिनीने परात बाजूला ठेवली. "म्हंजे सकाळची माफी ह्या कामासाठी व्हती."

"नाही गं, वैनी."

"तुजा लिंबू वाचवायला माजं झाड तोडायचं. आनि आधी येऊन माफी मागायची, म्हंजे मी नाय म्हनू नये." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दीड हात जागा, मग माजं नाव खराब, आता झाड. अजून काय ऱ्हायलंय?"

तिच्या बाजूने बघितलं तर प्रत्येक शब्द खरा होता. मी वळले तेव्हा ती मागून म्हणाली, "त्या काकांना बोलव. माज्यासमोर बोलूदे. तू मदे तोंड घालायचं नाय."

पुढच्या रविवारी काका परत आले. मी माझ्या उंबऱ्यात बसले, सांगितल्याप्रमाणे गप्प. वहिनी पपनसाखाली उभी, हात छातीशी बांधलेले.

"तुमी ह्या माज्या जावेचे पाहुने का?" तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही ताई. मी कोणाचाच नाही. मी झाडाचा."

त्यावर ती हसली नाही, पण हात सुटले. काकांनी तिला पेन दिलं. "एक पान घ्या. मधल्या शिरेच्या इकडं एक गोल काढा, तिकडं त्याच जागी दुसरा. दोन्ही गोलांत रंग सारखा दिसतो का बगा."

वहिनीने पान तळहातावर ठेवून गोल काढले. बघितलं. दुसरं पान तोडलं, काढले, बघितलं. मग पेन बाजूला ठेवून ती पानं नुसती दुमडायला लागली. एक, दुसरं, तिसरं. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं तरी मोजत होते. बाराव्या पानाला तिने मान वर केली.

"मासा ताजा हाय का नाय, ते आमी कल्ल्याचा रंग बघून सांगतो," ती काकांना म्हणाली. "वरून चकचकीत असला तरी कल्ला खोटं बोलत नाय. ह्ये तसंच हाय ना?"

"अगदी तसंच."

"मग फळ कापून बघू."

तिने स्वतः चढून एक पपनस काढलं. ते एका बाजूने फुगलेलं आणि दुसऱ्या बाजूने बसलेलं होतं, बुडाशी हिरवं राहिलेलं. तिने ते ओट्यावर कोयत्याने मधोमध कापलं. फोडी वाकड्या, बिया चिमलेल्या, काळपट. तिने एक फोड चाखली आणि लगेच थुंकली.

"औंदा गोड नव्हतीच," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, झाड म्हातारं झालं."

काकांनी दोन्ही झाडांची पानं वेगवेगळ्या कागदांत बांधली, वर नावं घातली आणि आपल्या ओळखीने कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवायला घेतली. लिंबाचीही. "लिंबावर दिसत नसलं म्हणून आत नाही असं नाही," ते म्हणाले. म्हणजे आता वाट दोघींना बघायची होती.

ते तीन आठवडे मला अजून आठवतात. मी लिंबाच्या आळ्यातला राडारोडा उपसला, नवऱ्याने गोण्या भरून हलवला. चांगली माती आणि शेणखत भरलं, काकांनी सांगितलेलं लोहाचं औषध पाण्यातून फवारलं. कढीपत्ता बुडापासून छाटला, त्यावरही फवारणी केली. मान न वळवता मला पलीकडची हालचाल दिसायची. वहिनी रोज सकाळी पपनसाखाली जायची, एक पान दुमडायची आणि टाकून द्यायची. एकदा तिने अलीकडे येऊन माझ्या लिंबाचं पान तोडून दुमडलं. मी खिडकीत होते हे तिला माहीत होतं. तिने पान माझ्या खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. दोन्ही अंगं सारखी पिवळी होती. मी ते पान दिवसभर तसंच राहू दिलं.

मला वाटत राहायचं की दोन्ही झाडांचं वाईट निघावं. हे लिहायला लाज वाटते. पण तिचं जावं आणि माझं राहावं, याची मला त्याहून जास्त भीती वाटत होती.

काकांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मधल्या सुट्टीत परत केला. "पपनसात सापडलं," ते म्हणाले. "लिंबात नाही. सध्या तरी नाही." मी विचारलं, वहिनीला तुम्ही सांगाल का? ते म्हणाले, "सांगितलं. आधी त्यांनाच फोन केला. झाड त्यांचं आहे."

घरी पोचले तर परसात करवतवाला माणूस आधीच आला होता. वहिनीने कुठल्या वेळेची वाट बघितली नाही, मुहूर्त नाही, शेवटचा फोटो नाही. ती बाजारातून अर्ध्यात उठून आली होती. अंगावर अजून मासळीचं लुगडं. मी पुढे झाले आणि म्हटलं, "वैनी, थांब जरा. आपण उद्या—"

"उद्या कीड थांबेल का?" ती म्हणाली.

आधी फांद्या उतरल्या. मग खोड. मग बुंधा खणायला लागले तेव्हा माणूस एकटा पुरेना. माझा नवरा आणि दीर दोघे खड्ड्यात उतरले. मुळं माझ्या न्हाणीघराच्या भिंतीखालपर्यंत गेली होती. वहिनी कडेला उभी राहून प्रत्येक मूळ दाखवत होती, "ते बी काढ. ते बी." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, जबडा मात्र घट्ट होता. मी काय करू ते कळेना, म्हणून पडलेली पानं गोळा करायला लागले. काकांनी पाला जाळायला सांगितला होता. थोड्या वेळाने तीही वाकून पानं गोळा करायला लागली. आम्ही दोघी एकाच पाटीत पानं टाकत होतो, पण एकमेकींकडे बघत नव्हतो.

पाटी भरली तेव्हा ती म्हणाली, "जागेचं मला विचारायला पायजे व्हतं तू."

"हो."

"मी नाय म्हटलं नसतं."

"मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी सरळ. मग पाटी उचलून आगीकडे गेली.

लिंबाला नवी पालवी यायला दोन महिने लागले. पहिली डिरी फिकटच होती आणि मी धसकले. पुढची हिरवी आली. काकांनी सांगितलं होतं की जुनी पिवळी पानं परत हिरवी होतील अशी आशा धरू नका, नवीन कसं येतं ते बघा. पपनसाच्या खड्ड्यात लिंबाच्या जातीचं काहीच लावायचं नाही, असंही सांगितलं होतं. वहिनीने तिथे शेवगा लावलाय. वर्ष सरलं की लिंबाची पानं परत तपासायची असं काकांनी बजावलं होतं. वर्षाने त्या पानांचं बांधलेलं पुडकं वहिनीच घणसोलीला जाऊन देऊन आली. मला न सांगता, खाडीतल्या ताज्या कोळंबीचा डबा बरोबर घेऊन. कोळंबी काका खात नाहीत, सुनेने ठेवून घेतली, हे मला शाळेत त्या बाईंकडून कळलं.

निकाल यायचा होता त्या आठवड्यात मी पुन्हा झोपेला पारखी झाले होते. शनिवारी दुपारी मी भांडी घासत होते. पलीकडून वहिनीचा आवाज आला, नेहमीसारखा, बाजारात हाक मारतात तसा.

"ए बाय! काकांचा फोन व्हता. तुजा लिंबू धड हाय."

मी ओल्या हातांनी बाहेर गेले. ती परसात उभी होती, फोन कमरेला खोचून, शेवग्याच्या काठीला दोरी बांधत.

"आनि ह्यो शेवगा तुज्या भिंतीकडं झुकतोय," ती म्हणाली. "दोरीचं टोक धर जरा."